नंबर पोर्ट केल्यापासून व्हॉइसमेल गप्प: रिंग वाजते आणि कॉल तुटतो

सांजवारा
मंडळी, जरा डोकं लावा. नुकताच नंबर एका स्वस्त प्लॅनवाल्या कंपनीकडे पोर्ट केला. फोन तोच, जुना अँड्रॉइड. कॉल, मेसेज, इंटरनेट सगळं ठणठणीत आहे, फक्त व्हॉइसमेल बोंबललंय. मी फोन उचलला नाही की समोरच्याला बराच वेळ रिंग ऐकू येते आणि कॉल तुटतो. निरोप ठेवा वगैरे काही नाही. पण फोन बंद असताना कुणी केला तर बाई बोलते आणि निरोप ठेवता येतो! तो निरोप मला ऐकता मात्र येत नाही, कारण डायलरवर १ दाबून धरलं की "हा क्रमांक सेवेत नाही" असं उत्तर येतं.

कस्टमर केअरच्या चॅटवर दर वेळी नवा माणूस आणि तीच आरती: रीस्टार्ट करा, सिम काढून परत घाला, नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा. रीसेटने सगळ्या वायफायचे पासवर्ड तेवढे गेले. आता म्हणतात फॅक्टरी रीसेट करा. करू का?

रेंजबाहेर
अजिबात करू नका. फॅक्टरी रीसेट सांगतात म्हणजे त्यांच्याकडचं स्क्रिप्ट संपलं असं समजा.

त्यापेक्षा ##००२# डायल करून बघा. सगळे डायव्हर्ट साफ होतात, पाटी कोरी. मला हा कोड व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, हॅकर लोक कॉल ऐकतात तेही म्हणे याने बंद होतं.

तारखांब
सांजवारा, थांबा! ##००२# दाबू नका. फॅक्टरी रीसेटही नको.

तुम्ही दोन वाक्यांत जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे. फोन बंद असताना बाई बोलते, म्हणजे मेलबॉक्स तयार आहे आणि चालूही आहे. फोन चालू असताना उचलला नाही तर बोलत नाही, म्हणजे कॉल मेलबॉक्सपर्यंत पोचवणारी एक वाट तुटली आहे. आणि १ दाबून चुकीचा नंबर लागतो हा तिसराच घोळ, पहिल्या दोन्हींशी त्याचा संबंध नाही. रीसेटने यातलं काहीच सुधारणार नव्हतं.

व्हॉइसमेल म्हणजे फोनमधलं अ‍ॅप असा आपला समज असतो. खरं तर निरोप रेकॉर्ड होतो तो कंपनीच्या सर्व्हरवर, आणि कॉल तिथे जातो तो साध्या कॉल फॉरवर्डिंगने. नेटवर्कमध्ये तुमच्या नंबरसमोर चार नोंदी असतात: सगळेच कॉल वळवा, फोन बिझी असेल तर वळवा, उचलला नाही तर वळवा, फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल (आयडीची माफी) तर वळवा. पहिली साधारणपणे रिकामी ठेवतात, बाकी तिन्हींत (यांना कंडिशनल फॉरवर्डिंग म्हणतात) व्हॉइसमेल सर्व्हरचा नंबर भरलेला असतो. या नोंदी तुमच्या फोनमध्ये नसतात, नेटवर्कमध्ये असतात. म्हणून हँडसेट बदला, जाळा, पुरा, त्या जिथल्या तिथे राहतात.

##००२# ने या चारही नोंदी पुसल्या जातात. म्हणजे तुमची जी एक वाट चालू आहे तीही जाईल. काही नेटवर्क पुसल्यावर आपोआप मूळ नंबर परत भरतात, काही कोरंच सोडतात. तुमची कंपनी कुठल्या जातीची आहे हे पुसून बघायला नको. तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आल्यापासून "व्हॉइसमेल अचानक बंद पडलं" म्हणणारी माणसं मला नियमित भेटतात, आणि त्यातल्या कुणालाच या दोन गोष्टींचा संबंध लागलेला नसतो.

रेंजबाहेर
बरं बाबा, कोड मागे घेतला. पण कुणी माझे कॉल दुसरीकडे वळवले असतील तर?

तारखांब
मग आधी विचारा, पुसायचं नंतर. *#२१# ने कळतं की सगळे कॉल कुठे वळवलेत का. तिथे अनोळखी नंबर दिसला तर ##२१# ने तेवढी एकच नोंद काढा. त्यातली भीती खोटी नाही. "कुरिअरसाठी हा कोड डायल करा" असं सांगून **२१* ने सुरू होणारा कोड दाबायला लावतात, आणि मग तुमचे ओटीपीचे कॉल भामट्याकडे जातात. पण बिझी किंवा नो आन्सरला एखादा नंबर दिसला की लोक घाबरतात, तो बहुतेक वेळा तुमच्याच व्हॉइसमेलचा असतो.

बिनतारी
सांजवारा, हे कोड एकेक करून डायल करा आणि स्क्रीनवर काय येतं ते इथे सांगा. नंबरचे शेवटचे आकडे झाका.

*#६१# म्हणजे उचलला नाही तर कुठे जातो.
*#६२# म्हणजे बंद किंवा रेंज नसेल तर.
*#६७# म्हणजे बिझी असेल तर.

हे फक्त विचारणारे कोड आहेत, काही बदलत नाहीत. व्याकरण सोपं आहे: *# ने सुरू झाला की चौकशी, ## ने सुरू झाला की पुसणं,  ** ने सुरू झाला की नवी नोंद. जीएसएमच्या काळापासून हेच चालत आलंय आणि पुढच्या मानकांनी तेच ठेवलंय, म्हणून बहुतेक ठिकाणी चालतं. जुन्या सीडीएमए (जीएसएमपेक्षा वेगळं मोबाइल तंत्र) घराण्यातल्या नेटवर्कवर मात्र याऐवजी * आणि दोन आकडे असे वेगळेच कोड असतात. तिथे वरचे कोड दाबले तर नुसती एरर येईल.

सांजवारा
*#६२# ला एक नंबर दिसतोय, माझ्या ओळखीचा नाही. *#६१# ला "फॉरवर्ड केलेले नाही". *#६७# लाही तेच.

तारखांब
ठरलं मग. पोर्ट होताना तीनपैकी एकच नोंद भरली गेली. हे होतं. स्वस्त कंपन्यांचं स्वतःचं नेटवर्क बहुधा नसतंच, मोठ्या कंपनीचं घाऊक भावाने घेऊन त्या किरकोळीत विकतात. एमव्हीएनओ म्हणतात ते हेच. तुमचा नंबर नव्या घरी येतो तेव्हा तुमच्या प्लॅनमधल्या सेवा एकेक करून मोठ्या कंपनीच्या सिस्टिममध्ये चढवल्या जातात, याला प्रोव्हिजनिंग म्हणतात. कॉल आणि डेटा चढले नाहीत तर लगेच बोंब होते, म्हणून ते नीट तपासतात. व्हॉइसमेलचं कुणाला पडलेलं नसतं.

चॅटवरच्या माणसालाही दोष देऊ नका. त्याच्या स्क्रीनवर "व्हॉइसमेल: चालू" एवढंच दिसत असतं. आत तीन नोंदी आहेत आणि दोन कोऱ्या आहेत हे त्याला दिसतच नाही.

बिनतारी
आता *#६२# ला दिसलेला नंबर देशाच्या कोडासकट, + सह, जसाच्या तसा लिहून घ्या आणि हे डायल करा:

**६१*तो नंबर*११*२५#

११ म्हणजे फक्त व्हॉइस कॉलसाठी. २५ म्हणजे सेकंद. ५ ते ३० पर्यंत पाचच्या पटीत देता येतात. मग बिझीसाठी **६७*तो नंबर*११#, यात सेकंद नसतात.

ज्यांचं व्हॉइसमेल चालतंय पण फोन खिशातून काढेपर्यंत कॉल तिकडे पळतो, त्यांचा इलाजही हाच आहे. आधी *#६१# ने नंबर बघा आणि तोच नंबर ३० सेकंदांनी पुन्हा भरा.

सांजवारा
"कनेक्शन प्रॉब्लेम ऑर इनव्हॅलिड एमएमआय कोड" येतंय. दोन्हींना. चौकशीचे कोड चालले, हे नाही.

बिनतारी
वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू ठेवून बघा. वायफाय कॉलिंग असेल तर तेही बंद.

कारण असं. जुन्या काळी हे कोड सिग्नलिंगच्या वाटेने सरळ नेटवर्कला जायचे. आता कॉल व्होल्टीवर (फोरजी नेटवर्कवरून जाणारे कॉल) आहेत, तिथे फॉरवर्डिंगची सेटिंग्ज एका एचटीटीपी जोडणीतून बदलली जातात. ती मोबाइल डेटावर चालते आणि कित्येकदा तिला वेगळं एपीएन (मोबाइल डेटा जोडणीचं सेटिंग) लागतं. फोन कंपनीकडून घेतलेला असेल तर ते आत भरलेलं असतं. बाहेरून आणलेल्या फोनवर, त्यातून छोट्या कंपनीच्या सिमवर, ते असेलच असं नाही. मग कोड बरोबर असूनही फोन म्हणतो इनव्हॅलिड.

अजून एक उपाय: नेटवर्क मोड तात्पुरता थ्रीजी किंवा टूजी करून कोड टाकायचा. पण जिथे ती जुनी नेटवर्क बंद झाली आहेत तिथे हा मार्ग उरलेला नाही.

काकू ऑनलाइन
मध्येच बोलते. माझ्याकडे याच्या उलट आहे. फोन हातात, रेंज पूर्ण, तरी रिंग न वाजता कॉल सरळ व्हॉइसमेलला जातात. सगळे नाही, काहीच. मुलाचा येतो, डॉक्टरांच्या दवाखान्यातून आलेला जातो. आयफोन आहे.

रेंजबाहेर
काकू, अनोळखी नंबर गप्प करायचं सेटिंग चालू असणार. "सायलेन्स अननोन कॉलर्स" का काहीसं. कॉन्टॅक्टमध्ये नसलेला नंबर रिंग न देता व्हॉइसमेलला जातो. दवाखान्याचा नंबर सेव्ह आहे का?

काकू ऑनलाइन
सेव्ह आहे. पण ते वेगवेगळ्या लाइनवरून करतात, एक्सटेन्शन असतात ना.

रेंजबाहेर
तेच ते. दवाखाना, बँक, शाळा, सगळ्यांचं तसंच. ते सेटिंग काढा. आणि फोकस किंवा डू नॉट डिस्टर्ब वेळापत्रकावर लावलंय का तेही बघा. दुपारच्या झोपेसाठी लावलेलं असतं आणि आपण विसरतो.

तारखांब
रेंजबाहेर यांच्याशी सहमत (आज पहिल्यांदाच). फक्त अनोळखी नंबरच थेट जात असतील तर दोष फोनमधल्या गाळणीचा. सगळेच थेट जात असतील तर *#२१# बघायचं. कधी जातात कधी नाही असं असेल तर नेटवर्कला फोन सापडत नाहीये. रेंजच्या दांड्या दिसतात पण नोंदणी शिळी झालेली असते. विमान मोड लावून काढला की नोंदणी ताजी होते. कमकुवत वायफायवर वायफाय कॉलिंग चालू असेल तर हे हमखास होतं: कॉल वायफायच्या वाटेने पाठवला जातो, तिथे पोचत नाही, आणि नेटवर्क तुम्हाला "सापडत नाही" म्हणून व्हॉइसमेलला टाकतं.

दोन सिमवाल्यांसाठी: बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलत असताना दुसरं सिम नेटवर्कच्या दृष्टीने गायब असतं. त्या वेळी दुसऱ्या नंबरवरचे कॉल *#६२# च्या वाटेने जातात, *#६७# च्या नाही. तुम्ही बिझी नसता, तुम्ही "बंद" असता. त्यामुळे मिस्ड कॉलची नोंदही फोनवर येत नाही, निरोपाचीच काय ती येते.

सांजवारा
वायफाय बंद, डेटा चालू, तरी तीच एरर. चॅटवर परत गेले. "आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित दिसतंय."

तारखांब
आता चॅट सोडा, शक्यतो फोन करा. "व्हॉइसमेल चालत नाही" हे वाक्य उच्चारू नका, कारण ते ऐकलं की रीस्टार्टपासून सुरुवात होते. असं सांगा: "नो आन्सर आणि बिझी, या दोन्ही कंडिशनल फॉरवर्डिंगच्या नोंदी रिकाम्या आहेत. अनरीचेबलची बरोबर आहे, तिच्यातला नंबर हा आहे. हे हँडसेटचं काम नाही, प्रोव्हिजनिंगचं आहे. तिकीट टेक्निकल टीमकडे पाठवा आणि तिकीट नंबर द्या." शक्य असेल तर व्हॉइसमेलची सेवा लाइनवरून काढून पुन्हा चढवायला सांगा. काढून चढवताना तिन्ही नोंदी नव्याने भरल्या जातात. यात मेलबॉक्सही पुसला जातो, तेव्हा आत महत्त्वाचा निरोप असेल तर आधी तो ऐकण्याची सोय करा.

सांजवारा
तीच तर अडचण, ऐकायचा कसा? १ दाबलं की चुकीचा नंबर.

बिनतारी
१ ही नुसती शॉर्टकट की आहे. ती कुठला नंबर लावते ते फोनमध्ये ठरतं. डायलर उघडा, सेटिंग्ज, व्हॉइसमेल, त्यात व्हॉइसमेल नंबर म्हणून काय दिसतं? जुन्या कंपनीचा असणार. साधारणपणे हा नंबर सिममधून किंवा फोनमधल्या कंपनीच्या प्रोफाइलमधून आपोआप येतो. पण मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी प्रोफाइल कधी चुकीची निवडली जाते, कधी कुणी पूर्वी हाताने भरलेला नंबर तसाच चिकटून राहतो. नव्या कंपनीच्या मदत पानावर "व्हॉइसमेल अ‍ॅक्सेस नंबर" शोधा आणि तो भरा.

*#६२# ला दिसलेला नंबर इथे भरू नका बरं. तो निरोप टाकण्याचा दरवाजा, ऐकण्याचा बहुधा वेगळा असतो. काही ठिकाणी एकच असतो, पण ते गृहीत धरू नये.

दुसरी युक्ती: दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला लावा (तुमचा फोन बंद ठेवून, ती वाट चालू आहे ना), ग्रीटिंग सुरू झालं की * किंवा # दाबा. बऱ्याच सिस्टिम तिथे पिन विचारतात आणि आत घेतात.

शांतिप्रिय
मला उलट हे सगळं बंद करायचंय. निरोप कोण ऐकतं हल्ली? मिस्ड कॉल दिसला की मी करतोच की फोन. वर मेलबॉक्स जाहिरातींच्या रोबो कॉलनी भरून जातो आणि खऱ्या माणसाला "मेलबॉक्स भरला आहे" ऐकू येतं.

तारखांब
##००४# करा. तिन्ही कंडिशनल नोंदी एकदम जातात, *#००४# ने खात्री करून घ्या. परत आपोआप भरल्या तर तुमचं नेटवर्क त्या जातीचं आहे, मग कंपनीलाच सेवा काढायला सांगावं लागेल.

पण काढण्याआधी एक विचार करा. मिस्ड कॉल दिसतो तो फोन चालू असताना. फोन बंद असताना आलेला कॉल फोनला कळतच नाही. काही कंपन्या नंतर एसएमएस पाठवतात, स्वस्तवाल्या बऱ्याचदा नाही. माझं वैयक्तिक मत: ६१ आणि ६७ काढा, ६२ राहू द्या.

काकू ऑनलाइन
अनोळखीचं सेटिंग काढलं, दवाखान्याचा फोन आज वाजला! तारखांब, अजून एक विचारते. आम्ही परदेशी जाणार आहोत. कुणी म्हणालं व्हॉइसमेलमुळे तिथे फुकटचं बिल येतं. खरं का?

तारखांब
खरं आहे काकू, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

तुम्ही परदेशात आहात, फोन तिथल्या नेटवर्कवर नोंदलेला आहे. घरून कुणी फोन केला. कॉल आधी तुमच्यापर्यंत परदेशात येतो, वाजतो, तुम्ही उचलत नाही. मग तो व्हॉइसमेलला वळतो, आणि व्हॉइसमेल आहे मायदेशी. म्हणजे कॉल गेला आणि परत आला. जुन्या पद्धतीच्या रोमिंगमध्ये जाण्याचे रोमिंग इनकमिंगचे पैसे आणि परत येण्याचे आंतरराष्ट्रीय कॉलचे, दोन्ही तुमच्या खात्यावर, आणि तुम्ही एक शब्द बोललेला नसता. फोन पूर्ण बंद असेल किंवा कुठेच नोंदलेला नसेल तर कॉल परदेशात जातच नाही, घरच्या घरी व्हॉइसमेलला वळतो, तिथे हा भुर्दंड नाही. म्हणून निघण्यापूर्वी ६१ आणि ६७ काढायचे, ६२ ठेवायचं. पण काढण्याआधी त्यातला नंबर टिपून ठेवा, परत आल्यावर भरायला लागेल. आणि हे देश सोडण्याआधीच करा, कारण रोमिंगमध्ये हे कोड कधी चालतात कधी चालत नाहीत.

सांजवारा
अपडेट! फोन केला. पहिल्या बाईंना काही कळलं नाही, पण "कंडिशनल फॉरवर्डिंग" आणि "प्रोव्हिजनिंग" हे शब्द ऐकून त्यांनी लगेच वर पाठवलं. वरच्याने माझ्याकडून *#६२# चा नंबर पडताळून घेतला, सेवा काढून चढवली, फोन रीस्टार्ट करायला लावला (ते चुकत नाहीच). आता *#६१# आणि *#६७# दोन्हींना नंबर दिसतोय. मैत्रिणीला फोन करायला लावला: रिंग, मग बाई, मग निरोप. अ‍ॅक्सेस नंबरही बदलला, १ दाबलं की बरोबर जागी जातं.

पण आता पिन विचारते आणि घेत नाही. पिन बरोबर आहे, त्यांनीच एसएमएसने दिला. आकडे दाबते तर "कोणताही आकडा मिळाला नाही" म्हणते.

बिनतारी
"पिन चुकीचा" म्हणत नाही ना? आकडाच मिळाला नाही म्हणते, म्हणजे तुमच्या कीपॅडचे टोन तिथवर पोचत नाहीयेत. व्होल्टीवर बटणाचा आवाज आवाज म्हणून जात नाही, आवाज दाबून लहान करणारे कोडेक तो बिघडवतात. त्याऐवजी "५ दाबलं" असा वेगळा संकेत पाठवला जातो. त्यासाठी आरएफसी ४७३३ नावाचं मानक आहे. फोन, नेटवर्क आणि व्हॉइसमेल सर्व्हर यांपैकी एकाचं जुळलं नाही की असं होतं.

करून बघा: वायफाय कॉलिंग चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. कॉलची वाट बदलते. ब्लूटूथ काढा. आकडे सावकाश, प्रत्येक किंचित दाबून धरत टाका. काहीच नाही तर दुसऱ्या फोनवरून आत जाऊन, सेटिंगमध्ये "माझ्या फोनवरून पिन विचारू नये" असा पर्याय असेल तर तो...

तारखांब
तो लावू नका! बिनतारी, हा सल्ला मागे घ्या.

पिन काढला की सर्व्हर तुम्हाला ओळखतो ते फक्त कॉल करणाऱ्याच्या नंबरवरून, आणि तो नंबर बनावट दाखवता येतो. २०११ मध्ये ब्रिटनमधलं न्यूज ऑफ द वर्ल्ड हे साप्ताहिक बंद पडलं ते ज्या प्रकरणात, त्यात लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकले गेले होते. त्यातले कित्येक मेलबॉक्स कंपनीने दिलेल्या मूळ पिनवरच होते. २०१८ मध्ये इस्रायलच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला होता तो आणखी आपल्या जवळचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा पडताळणी कोड फोन कॉलनेही मागवता येतो. चोर रात्री तो कॉल मागवतो, मालक झोपलेला, कॉल व्हॉइसमेलला जातो, कोड तिथे रेकॉर्ड होतो. मग मूळ पिन टाकून चोर तो ऐकतो आणि खातं गेलं. त्यावर उपाय दोनच: मूळ पिन बदलणं आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावणं.

बिनतारी
हरकत नाही, मागे घेतला. मी फक्त एकदा आत जाण्यापुरतं म्हणत होतो, पण लोक वाचून तसंच ठेवतात हे खरं.

सांजवारा
वायफाय कॉलिंग बंद केल्यावर पिन घेतला. बदललाही. निरोप ऐकला, पुसला. आता वरच्या पट्टीतलं व्हॉइसमेलचं चिन्ह जात नाहीये. आत निरोप शून्य आणि चिन्ह मात्र ठाण मांडून.

रेंजबाहेर
हे मला येतं! मैत्रिणीला अजून एक निरोप ठेवायला सांगा, तो पूर्ण ऐका, पुसा, आणि फोन ठेवण्याआधी मुख्य मेन्यूपर्यंत परत या. चिन्ह जाईल.

तारखांब
बरोबर. चिन्ह फोन स्वतःहून लावत नाही, नेटवर्क "निरोप आहे" असा खास मेसेज पाठवतं तेव्हा लागतं आणि "संपले" असा पाठवतं तेव्हा जातं. तुमचा मेलबॉक्स काढून पुन्हा बनवला तेव्हा जुन्या मेलबॉक्सचा "संपले" मेसेज पाठवणारं कुणी उरलंच नाही. नव्या निरोपाने तो हिशोब पुन्हा जुळतो. ही खूण सिमवरही लिहिली जाते, म्हणून काहींना नव्या फोनमध्ये सिम घातल्यावरसुद्धा ते चिन्ह भेटतं. निरोपाने नाही गेलं तर फोन अ‍ॅपचा डेटा साफ करून रीस्टार्ट करून बघा.

सांजवारा
गेलं! रेंजबाहेर, तुमचा ##००२# माफ. आता एक हावरट प्रश्न: जुन्या कंपनीत निरोपांची यादी स्क्रीनवर दिसायची, हवा तो ऐकता यायचा. ते इथे मिळेल?

बिनतारी
व्हिज्युअल व्हॉइसमेल. २००७ च्या पहिल्या आयफोनबरोबर लोकांच्या हाती आलं ते. यात फोन सर्व्हरवरून निरोप ईमेलसारखे उतरवून घेतो, अगदी ईमेलचाच आयमॅप प्रोटोकॉल वापरतात. त्यासाठी कंपनीला वेगळा सर्व्हर चालवावा लागतो आणि फोनमधल्या प्रोफाइलमध्ये तो लिहिलेला असावा लागतो. स्वस्त कंपन्या काटकसर करतात ती अशाच ठिकाणी. प्लॅनच्या बारीक अक्षरांत नुसतं "व्हॉइसमेल" लिहिलं असेल तर ते फोन लावून ऐकायचं समजा. असेल तर मोबाइल डेटा चालू ठेवून बघा, कित्येक कंपन्यांचा तो सर्व्हर फक्त स्वतःच्या डेटावरून पोचतो, वायफायवरून नाही.

आयफोनवाल्यांची खूण: व्हॉइसमेलच्या टॅबवर यादीऐवजी नुसतं "कॉल व्हॉइसमेल" असं बटण दिसलं तर त्या सिमला व्हिज्युअल नाही. बिघाड नाही, सेवाच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे व्हॉइसमेल देणारी एखादी इंटरनेट सेवा घ्यायची आणि ६१, ६२, ६७ मध्ये तिचा नंबर भरायचा. निरोप त्यांच्या अ‍ॅपमध्ये येतात. तुमच्याकडे कोडाने नोंद बदलत नाही म्हणजे त्यासाठी परत कंपनीकडे जावं लागेल, आणि छोट्या कंपन्या बाहेरच्या नंबरवर फॉरवर्ड करायला कधीकधी नकार देतात.

काकू ऑनलाइन
माझ्या आयफोनवर कधी यादी दिसते आणि कधी "कॉल व्हॉइसमेल". एकाच सिमवर. हे कसं?

बिनतारी
काकू, तुमच्याकडे बहुधा दोन पेट्या आहेत. आयओएस १७ पासून, म्हणजे २०२३ पासून, काही देशांत "लाइव्ह व्हॉइसमेल" आलं. त्यात फोन स्वतःच कॉल घेतो, निरोप रेकॉर्ड करतो, बोलणं चालू असतानाच अक्षरांत दाखवतो. तो निरोप फोनमध्येच राहतो, कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. पण फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर फोन कसा घेणार? मग तो कॉल कंपनीच्या मेलबॉक्समध्ये जातो, आणि तो ऐकायला फोन लावावा लागतो. यादीत दिसतात ते पहिल्या पेटीतले.

काकू ऑनलाइन
म्हणजे यादी रिकामी असली तरी तिकडे निरोप पडलेले असू शकतात?

बिनतारी
हो. एकदा १ दाबून आत जाऊन बघा. जुने असतील तर लवकर बघा, बऱ्याच कंपन्या ठरावीक दिवसांनी निरोप आपोआप पुसतात. दोन पेट्या नको असतील तर सेटिंग्जमध्ये फोनच्या पर्यायांत लाइव्ह व्हॉइसमेल बंद करता येतं. नव्या आवृत्त्यांत फोनची सेटिंग्ज "अ‍ॅप्स" या भागाखाली सरकली आहेत.

काकू ऑनलाइन
बघितलं. दवाखान्याचेच सात निरोप. त्यातला एक तर अपॉइंटमेंट बदलल्याचा, आणि ती उद्या सकाळची आहे. आता त्यांना फोन लावते, बाकीचं नंतर.